नावांचा क्रम

काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला, तेव्हाच थोरलीने ओळखलं की आजची दुपार हातची गेली. काका चष्मा पुसायचे ते दोनच वेळी, कुणाला नापास करताना आणि घरात काही मागताना. आज इथे कुणी परीक्षेला बसलेलं नव्हतं.

जेवणाचं टेबल नुकतंच आवरून झालं होतं. एका टोकाला थोरलीचा लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर चिऊचा लेख. चिऊ ही तिची नणंद, घरातलं शेंडेफळ, आणि आता नावामागे डॉक्टर लावणारी. बेकरीत काम करणाऱ्यांच्या छातीत पिठाची धूळ जाऊन त्यांच्या श्वासाचं काय होतं, हा तिच्या पीएचडीचा विषय. त्या प्रबंधातून काढलेला पहिलाच लेख एका चांगल्या जर्नलने छापायचं कबूल केलं होतं. दोन गोष्टी तेवढ्या राहिल्या होत्या. समीक्षकाच्या एका शंकेला उत्तर द्यायचं होतं, आणि लेखकांची नावं क्रमाने देऊन प्रत्येकाने काय काम केलं ते एकेका ओळीत कळवायचं होतं. उद्या सकाळच्या आत.

तेवढ्यासाठीच चिऊ आली होती. "वहिनी, थोडंसंच काम आहे," म्हणत. पण सासूबाईंना कुठलीही आनंदाची बातमी दिरांना, म्हणजे काकांना, कळवल्याशिवाय गोड लागत नसे. सासरे अप्पा गेल्यापासून या घरात तोच शिरस्ता होता. त्यांनी फोन केला आणि काका आले, ते मुलाला, बाळला, बरोबर घेऊनच.

"तर दुसरं नाव बाळचं घाल," काका म्हणाले. "पहिलं तुझं. तो तुझा हक्क, त्याला मी हात लावणार नाही. दुसरं बाळचं, मग तुझ्या गाईडबाईंचं आणि शेवटी माझं. शेवटचं नाव विभागप्रमुखाचं असतं, ही रीतच आहे."

बाळ टेबलावरच्या ओल्या डागावर बोटाने रेघोट्या ओढत होता. चाळिशी समोर दिसत होती, टाळूवरचे केस विरळ झाले होते, कॉलेजात पोरं त्याला सर म्हणत होती, तरी घरात तो अजून बाळच होता. त्याची बढती दोनदा अडकली होती, कारण नावावर छापलेलं काहीच नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"काका," चिऊ म्हणाली, "बाळदादाने यात काय केलंय?"

"काय केलंय म्हणजे? तुझी ती श्वास मोजायची यंत्रं आली कुठून?"

"विभागाच्या कपाटातून."

"आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"बाळदादाकडे."

"मग झालं तर."

"किल्ली दिली म्हणून कुणी लेखक होत नाही काका. तसं असतं तर शिपाईमामांचे लेख तुमच्यापेक्षा जास्त झाले असते."

थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा, खिडकीपाशी उभा होता. तो खुदकन हसला आणि काकांनी बघताच खोकल्याचं सोंग करून गप्प झाला. तो पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होता. गळती दिसली की वरून पट्टी मारायची आणि पुढच्या वेळी बघू म्हणायचं, हा त्याचा ऑफिसातला खाक्या तो घरीही चालवायचा.

"जाऊ दे ना चिऊ," तो म्हणाला. "एका नावाने तुझं काय जातंय? लेख काय हा एकच लिहिणार आहेस का?"

"प्रश्न एका नावाचा नाहीये दादा. ज्याने काम केलं त्याचं नाव. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लावणं ही चोरी आहे. साधी, सरळ चोरी. आम्हाला पहिल्या वर्षी पहिल्याच तासाला हे शिकवतात."

"कोण शिकवतं?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच," चिऊ म्हणाली.

थोरली हे सगळं लॅपटॉपच्या मागून ऐकत होती. चिऊचं बोलणं तिला आवडलं. इतकं आवडलं की ती वाट बघायला लागली. ज्याने काम केलं त्याचं नाव, एवढं म्हटल्यावर पोरगी आता मान वळवेल, आपल्याकडे बघेल आणि पुढचं वाक्य म्हणेल, असं तिला वाटलं. चिऊने मान वळवली. "वहिनी, चार्जर दे ना," ती म्हणाली.

थोरलीने चार्जर दिला.

विमा कंपनीत थोरलीचं कामच मुळी हे होतं, कुठली माणसं किती आजारी पडतील याचा आकड्यांवरून अंदाज बांधायचा. चिऊच्या पहिल्या मोजणीत गंमतच निघाली होती. बेकरीतली माणसं शेजारच्या कापडदुकानातल्या माणसांपेक्षा ठणठणीत. गाईडबाईंनी हात झटकले, विषयात दम नाही म्हणाल्या, आणि चिऊ याच टेबलावर डोकं ठेवून रडली होती. तेव्हा थोरलीने तिची आकडेवारी उलटसुलट चाळली आणि विचारलं, "यात सगळे कामावर असलेलेच दिसतात. ज्यांना दम लागायला लागला ते कुठे गेले?" ते गेले होते काम सोडून. कुणी पहारेकरी झालं होतं, कुणी भाजीचं दुकान टाकलं होतं, कुणी घरी खाटेवर होतं. थोरलीने सांगितलं, की त्यांना शोध, नाहीतर तू फक्त टिकलेल्यांनाच मोजते आहेस. चिऊने वणवण करून त्यांना शोधलं, हे तिचं कष्टाचं काम होतं, त्यात शंका नाही. पण कुणाला कसं निवडायचं, काय विचारायचं, आणि आलेल्या आकड्यांतून काय निघतं, हे सगळं थोरलीने केलं होतं. सुट्टीच्या दिवशी, आतल्या खोलीत, दार लोटून. गाईडबाईंना चिऊ इतकंच सांगायची, की आकड्यांचं मी घरी बघते.

प्रबंध छापून आला तेव्हा पहिल्या पानांत सगळ्यांचे आभार होते. गाईडबाईंचे, काकांचे, आईचे, आणि अगदी शेवटी, "माझ्या लाडक्या वहिनीचे, तिच्या चहासाठी आणि तिने दिलेल्या धीरासाठी." थोरली तेव्हा हसली होती. नंतर भांडी लावताना तिला जाणवलं, की आपण उगाच जोरात भांडी आपटतोय.

"चिऊ, जरा आत ये," सासूबाई म्हणाल्या.

मायलेकी स्वयंपाकघरात गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे आत जाण्याला काही अर्थ नव्हता. सगळं बाहेर ऐकू येत होतं.

"अप्पा गेले तेव्हा तुझ्या शाळेत पालक म्हणून कोण येत होतं?" सासूबाई म्हणत होत्या. "तुला ताप आला तर रात्री कोण धावायचं? आणि हे बघ, विभागात ती जागा निघालीय. निवड करायला कोण बसणार आहे?"

"आई, म्हणजे मी लाच देऊ?"

"लाच कसली? घरातल्या घरात कसली आलीय लाच?"

बाहेर काका चष्मा लावून भिंतीकडे बघत होते, जणू आतलं बोलणं दुसऱ्याच कुणाच्या घरचं आहे. बाळने मान आणखी खाली घातली. थोरल्याने खिडकी लावली आणि परत उघडली.

चिऊ बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. मघाशी चोरी म्हणताना उंचावलेली हनुवटी आता खाली होती.

"बरं," ती म्हणाली. "बाळदादाचं दुसरं. वहिनी, घे लिहून."

थोरलीला क्षणभर वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "नक्की?"

"लिही म्हटलं ना. आधीच डोकं उठलंय माझं."

"शहाणी आहे माझी पोर," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "लिही सूनबाई. क्रम मी सांगितला तोच."

थोरलीने तीन नावं लिहिली. मग चौथं लिहिलं. तिला स्वतःचाच राग यायला लागला होता, आणि त्याहून जास्त राग या गोष्टीचा, की हात सवयीने चालतच होते.

"पुढे प्रत्येकाचं काम लिहायचंय," ती म्हणाली. "चिऊचं लिहिलं. संकल्पना, माहिती गोळा करणं, लेखन. गाईडबाईंचं मार्गदर्शन. काका, तुमचं?"

"देखरेख आणि सुविधा."

"आणि बाळभावजींचं?"

काकांना लगेच सुचलं.

"आकडेवारीचं विश्लेषण, असं लिही," ते म्हणाले. "बाळ आपल्या विभागात गणित शिकवतो. शोभून दिसेल."

थोरलीने चिऊकडे बघितलं. चिऊ चार्जरची वायर बोटाला गुंडाळत होती. गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. तिला ऐकू आलं होतं. तिला कळलंही होतं.

थोरलीने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"लिहिते," ती म्हणाली. "पण मग समीक्षकाच्या शंकेचं उत्तरही बाळभावजींनीच द्यायला हवं. शंका विश्लेषणाबद्दलच आहे. वाचून दाखवते. काम सोडून गेलेल्यांपैकी दम लागला म्हणून कोण गेलं आणि पगार, भांडण, स्थलांतर अशा दुसऱ्या कारणांनी कोण गेलं, हे तुम्ही वेगळं कसं केलं? आणि केलं नसेल तर निष्कर्ष कितपत टिकतो? सांगा भावजी, मी उतरवून घेते."

बाळने पहिल्यांदा मान वर केली. "वहिनी, मला प्रश्नच कळला नाही," तो म्हणाला.

"तिच्याकडून समजून घे मग," काका म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"बाबा, मला नको हे."

"तुला काय नको आणि काय हवं ते मला माहीत आहे."

"उद्या कुणी मला याबद्दल विचारलं तर मी काय सांगू?"

"कुणी विचारत नाही. तीस वर्षं बघतोय मी, कुणीही कधीही विचारत नाही."

"आत्ता वहिनीने विचारलं की," बाळ म्हणाला, आणि पुन्हा त्याच्या त्या ओल्या डागाकडे वळला.

काकांनी मोर्चा थोरलीकडे वळवला. "सूनबाई, हे तू मुद्दाम करते आहेस."

"हो," थोरली म्हणाली.

तिच्या तोंडून असं सरळ उत्तर येईल, ही कुणाची अपेक्षा नव्हती. थोरला खिडकीपासून दोन पावलं पुढे आला. "अगं, कशाला," त्याने सुरुवात केली.

"तू पट्टी मारू नकोस," ती त्याला म्हणाली. "चिऊ, ते विश्लेषण कुणी केलं?"

चिऊच्या बोटावर वायर घट्ट बसली होती. "वहिनी, तू घरचीच आहेस ना. मला वाटलं, तुला काय त्याचं. तुला ना बढती हवीय, ना जागा."

"बाळभावजीही घरचेच आहेत. त्यांना घरचे म्हणून नाव मिळतंय आणि मला घरची म्हणून मिळत नाही. हे घर एक आहे का दोन?"

"तू आधी बोलली का नाहीस मग?"

"वाट बघत होते."

"कशाची?"

"तुझी," थोरली म्हणाली. "मघाशी तू चोरीवर बोलत होतीस ना, तेव्हा वाटलं होतं, आता म्हणेल. तर तू चार्जर मागितलास."

चिऊचे डोळे भरून आले, पण ते रागाने की कशाने हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. काकांनी ती संधी साधली. "हे बघ सूनबाई, तू ना विभागातली, ना संशोधक. पोरीला आकडेमोडीत हात दिलास, चांगलं केलंस. पण घरच्या मदतीला असं लेखक म्हणायला लागलो, तर उद्या चहा करून देणाराही नाव मागेल."

"चहाचे आभार मानून झालेत काका. थिसिसमध्ये छापलेत."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातात पुसायचं फडकं होतं आणि कपाळाला आठी. थोरलीला वाटलं, आता त्या आपल्यालाच चार शब्द सुनावणार. चुलतसासऱ्यांपुढे सुनेने बोलायचं नसतं, हे त्या बोलून दाखवत नसत, पण त्यांच्या नजरेत ते कायमचं लिहिलेलं होतं.

"तू सुट्टीची दार लोटून बसायचीस," त्या म्हणाल्या, "ते हे काम होतं?"

"हो."

"मला वाटायचं ऑफिसचं. किती बोलले मी तुला त्यावरून. घरात लक्ष नाही म्हणून."

"बोललात."

"मग सांगायचंस तरी की हे आपल्या चिऊचं आहे म्हणून."

"आई, तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही बोलला होतात."

सासूबाईंनी ते फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकलं. त्यांना अपराधी वाटायला आवडत नसे, आणि तसं वाटलं की त्या ज्याच्यामुळे वाटलं त्याला सोडून भलत्यालाच धरत. आज ती पाळी काकांची होती.

"भावजी," त्या म्हणाल्या, "नाव घालणं एक वेळ ठीक होतं. पण हिने केलेलं काम बाळने केलं असं लिहायचं, हे काही बरं नाही. ते खोटं झालं."

"वहिनी, मघाशी तर तुम्हीच तिला आत नेऊन समजावलंत."

"मघाशी मला माहीत नव्हतं."

"आणि आजवर मी या घरासाठी जे केलं ते?"

"ते केलंत, म्हणून तर जन्मभर तुमचं ऐकत आले," सासूबाई म्हणाल्या. "पण भावजी, मानायचे ते उपकार आम्ही मानतोय. ते हिच्या खिशातून का फेडायचे?"

काकांनी खुर्ची मागे सारली. ते उठले. "माझंही नाव काढा," ते म्हणाले. "सगळीकडून काढा. आणि चिऊ, त्या जागेचं काय होतं ते तू आता बघच."

"आभारात तुमचं नाव राहील काका," चिऊ म्हणाली. तिची हनुवटी परत थोडी वर आली होती. "यंत्रांसाठी. ते खरंच आहे."

"आभारांनी काय पोट भरतं?"

"नाही भरत," थोरली म्हणाली. "मी सांगते ना."

काका जिना उतरायला लागले. बाळ मागे रेंगाळला. चपला घालताना तो थोरलीला हळूच म्हणाला, "वहिनी, तो प्रश्न मला कधीतरी नीट समजावून सांगाल? नावासाठी नाही. मला वर्गात शिकवायला चांगलं उदाहरण आहे ते." आणि ती हो म्हणेपर्यंत न थांबता खाली पळाला, कारण खालून हाक आली होती.

चिऊ धप्पकन खुर्चीत बसली.

"गेली माझी नोकरी," ती म्हणाली.

"मिळाली कुठे होती?" थोरला म्हणाला. कुणी हसलं नाही.

"तुला सोपं आहे वहिनी. तुझी नोकरी आहे. मला आता त्या विभागात कुणी उभं करणार नाही."

हे खरं होतं, आणि थोरलीला ते माहीत होतं. तिने समजूत घातली नाही. खोटा धीर देऊन पुन्हा आभाराच्या पानावर जायची तिची इच्छा नव्हती. "दुसरीकडे अर्ज कर," ती म्हणाली. "मी बसेन तुझ्याबरोबर. पण आधी हे संपव. मघाची नावं तूच खोड आणि तूच लिही."

चिऊने लॅपटॉप ओढून घेतला. तिने बाळचं नाव खोडलं, काकांचं खोडलं, आणि वहिनीच्या कामासाठी ओळ लिहायला घेतली. अभ्यासाची आखणी, असं लिहून ती थांबली. "विश्लेषण आधी लिहू की आखणी?"

"जे आधी झालं ते आधी."

"आखणी," चिऊ म्हणाली, आणि खालच्या मानेने पुढे लिहीत राहिली. "काम सोडून गेलेल्यांना शोध, हे तूच सांगितलंस मला. मी पीएचडीच्या तोंडी परीक्षेत सांगितलं की मला सुचलं."

थोरलीने आपली खुर्ची तिच्या जवळ ओढली. तिने समीक्षकाच्या शंकेचं उत्तर सांगितलं आणि चिऊने ते उतरवून घेतलं. मध्ये दोनदा त्यांचं वाजलं, एकदा एका तक्त्यावरून आणि एकदा एका शब्दावरून. पण ते कामातलं भांडण होतं, आणि थोरलीला तेवढ्यानेही हलकं वाटलं. उत्तर पुरं झालं.

"आता तुझं नाव," चिऊ म्हणाली. "वहिनी, नाव काय लिहायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे आमचं आडनाव, की पदवीवर आहे ते? पदवीवर काय आहे गं तुझ्या?"

थोरल्याचा चेहरा जरा खुलला. "आपलंच आडनाव," तो म्हणाला. "मधे माझं नाव. तेवढंच माझंही कुठेतरी छापून येईल."

"आणि चिऊचंही तेच आडनाव आहे," सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही नावं एकाखाली एक किती छान दिसतील. अप्पांना बरं वाटलं असतं."

"पण आई, दोघींचं एकच आडनाव दिसलं तर लोक म्हणतील, घरातल्या घरात वाटून घेतलं," चिऊ म्हणाली.

"म्हणू देत. लोकांना कळायला नको, की ही आपली आहे?"

"पण ऑफिसात काय लावते ती?" थोरल्याने विचारलं. त्याने बायकोला न विचारता आईला विचारलं. सासूबाईंनाही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, लग्नानंतर सगळीकडे बदललंच असेल. चिऊ म्हणाली, तसं काही नसतं हल्ली. तिघं त्यावर बोलायला लागले. आवाज चढले. मघाशी काकांच्या नावावरून जसे चढले होते तसेच.

थोरलीने डोळे मिटले आणि उघडले. मग हात लांब करून लॅपटॉप आपल्यापुढे घेतला आणि नाव लिहिलं. वडिलांनी शाळेत घालताना सांगितलेलं, पदवीवर असलेलं, ऑफिसच्या दारावरच्या पाटीवर असलेलं. एकेक अक्षर तपासलं. तिघं अजून बोलतच होते. तिने लेख पाठवून दिला.

"पाठवला," ती म्हणाली.

तिघं थांबले. सासूबाई टेबलाला वळसा घालून आल्या, खाली वाकल्या आणि पडद्यावरचं ते नाव त्यांनी वाचलं. आधी मनात, मग हळू, मोठ्याने. आडनावापाशी त्यांची जीभ अडखळली.

"फार दिवसांत तोंडात आलं नाही हे," त्या म्हणाल्या.

"येईल," थोरली म्हणाली. "सवयीने येईल."